पन्नासावा मुक्काम

"सर, तुमचा पन्नासावा मुक्काम मागच्या डिसेंबरातला दिसतोय. अठरा तारीख. त्याच दिवशी तर गोल्ड झालात तुम्ही," काउंटरवरची मंजुषा स्क्रीनकडे बघत कौतुकानं म्हणाली, आणि नेमका बा माझ्या शेजारी उभा होता. सकाळीच त्याच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यावर पांढरी पट्टी, अंगात माझा जुना स्वेटर, खाली धोतर, काखेत घोंगडं. काउंटरचा काळा थंडगार दगड हातानं चाचपून तो कसला दगड आहे ते बघत होता. त्यानं मान वळवली नाही. ऐकलं की नाही ऐकलं? बाला एका कानानं कमी ऐकू येतं, पण तो कान डावा की उजवा हेच मला त्या क्षणी आठवेना. सख्ख्या बापाचा बहिरा कान आठवेना, वा रे लेका! मंजुषाची काय चूक? पाच वर्षांपासून ओळखते मला, तिला वाटलं, म्हाताऱ्याला पोराचं कौतुक ऐकून बरं वाटेल. अठरा डिसेंबर, अठरा डिसेंबर. तिनं वर विचारलं, "बाबांना खालच्या मजल्यावरची खोली देऊ का सर? लिफ्टची सवय नसेल त्यांना." मी म्हणालो, "नेहमीचीच द्या." ती माझ्याकडे बघून हसत होती, नेहमीसारखीच.

अठरा डिसेंबरला संध्याकाळी सातच्या सुमाराला माझी माय वारली. सेनगावच्या पुढं दहा-अकरा किलोमीटरवर आमचं गाव आहे, तिथं, आमच्या घरात, खाटेवर. सगळं गाव, सगळी भावकी, माझी बायको अंजली, आणि बा, सगळे असं धरून चाललेत की मी तेव्हा रस्त्यात होतो. जीव मुठीत धरून गाडी हाणत होतो, वाटेत टायर फुटलं आणि मायलेकाची गाठ चुकली. वर्ष झालं, लोक माझ्या पाठीवर हात ठेवतात. बाया पदर डोळ्याला लावतात, म्हणतात, लेकरू बिचारं रस्त्यात होतं. मी मान खाली घालतो. मी रस्त्यात नव्हतो. मी ह्याच हॉटेलात चौथ्या मजल्यावर, पांढऱ्या चादरीवर बूट काढून आडवा पडलो होतो आणि टीव्हीवर काहीतरी चाललं होतं. कारण काय, तर एक मुक्काम कमी पडत होता.

हे कुणाला सांगायला गेलं तर समजून तरी घेईल का कुणी? मलाच ते नीट शब्दांत मांडता येत नाही. मी बियाण्यांच्या कंपनीत एरिया मॅनेजर आहे, राहायला हिंगोलीत, पण महिन्यातून चार-पाच रात्री संभाजीनगरला मीटिंगा. लेण्यांच्या रस्त्यावरचं हे हॉटेल कंपनीनं ठरवून दिलेलं. दारात टुरिस्ट बसा उभ्या, लॉबीत गळ्यात कॅमेरे अडकवलेली गोरी माणसं, आणि त्यांच्यात मी, सोयाबीनच्या वाणांचे कागद घेऊन. पहिल्याच वर्षी त्यांनी मला सदस्य करून घेतलं. निष्ठावान पाहुण्यांची योजना म्हणे. एका वर्षात पन्नास मुक्काम केले की गोल्ड, आणि एकतीस डिसेंबरला पाटी कोरी, पुन्हा एकपासून. दोन वर्षं माझे चाळीसच्या वर जाऊन राहिले. मागच्या वर्षी सतरा तारखेला एकोणपन्नास झाले. अठराला मीटिंग दुपारी बारालाच संपली. बाकीचे जेवून आपापल्या गावाला गेले. मला पुढं त्या वर्षात संभाजीनगरचं काम नव्हतं. मग मी माझ्या पदरच्या पैशानं एक रात्र आणखी घेतली. काम नसताना. घर चार-पाच तासांवर असताना.

गोल्ड झाल्यावर काय मिळतं? वरच्या मजल्यावरची खोली, येताना एक सरबत, उशिरापर्यंत खोली ठेवायची मुभा, वर्षातून दोन रात्री फुकट. एवढंच. ह्याच्यासाठी माणूस असा वागतो का? वागतो. कारण मी कुणाचा पोरगा आहे ते मला ठाऊक आहे. आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं. दिवाळी झाली की बा कळप घेऊन निघायचा, मागं घोडीवर आमचं बिऱ्हाड, माय, मी. आज ह्याच्या वावरात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. रात्रभर मेंढरं बसली की वावराला खत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. आखाडा बाळापूरजवळ तातेराव नावाच्या बागायतदाराच्या मळ्यात आम्ही बारा वर्षं ओळीनं बसलो. त्याचं वावर आमच्या मेंढरांनी काळंभोर केलं. आणि दर वर्षी तातेराव मायला विचारायचा, "काय गं, पोराचं नाव काय तुझ्या?" दर वर्षी. माय सांगायची, प्रभू. तो म्हणायचा, बरं, बरं. पुढच्या साली पुन्हा, काय गं, नाव काय? त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं, उगी तोंडाला चाळा. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की त्याच्या विहिरीचं पाणी मी मुद्दाम प्यायचो नाही, दोन वावरं ओलांडून ओढ्यावर जायचो. आणि इथं? इथं मी दारातून आत पाऊल टाकलं की, "या प्रभू सर." माझ्या चहात साखर नसते हे ह्यांना पाठ. मला दोन उशा लागतात, रस्त्याकडची खोली नको, हे सगळं स्क्रीनवर लिहून ठेवलेलं. अंजलीला विचारा मला किती उशा लागतात. तिला कसं ठाऊक असणार, मी घरी असतो किती! म्हणून मला ते पाहिजे होतं. चाळीस वर्षांचा घोडा झालो तरी तातेरावला दाखवायला पाहिजे होतं, आणि तातेराव तर कधीच मरून गेला होता.

त्या दिवशी दोन वाजता बाचा फोन आला. "मायला धाप लागून राहिली. येतो का?" त्याच्या आवाजात घाई नव्हती. बाच्या आवाजात घाई कधीच नसते, मेंढरं बुजतात म्हणून. त्या वर्षात मायला तीनदा असं झालं होतं आणि तिन्ही वेळा मी धावत गेलो तर ती उठून बसलेली, "काहून आलास रे काम सोडून?" असं मलाच रागवायची. तरीही मी म्हणालो, "निघालोच बा." आणि खरंच निघालो. बॅग भरली, खाली आलो, मंजुषासमोर चावीचं कार्ड ठेवलं आणि, मला आजही माझे शब्द आठवतात, विचारलं, "आत्ता गेलो तर आजचा मुक्काम धरतील ना?" ती म्हणाली, "नाही सर, आत्ता चेकआउट केलंत तर सिस्टीम नाही धरणार. रात्रीला तुम्ही इथं दिसायला पाहिजे." मी कार्ड उचललं. म्हटलं, पाचला निघू. वर गेलो. पाचला म्हटलं, आता अंधारात कुठं, उजाडताच निघू, तोवर ती उठून बसलेली असेल. फोन तर वर आल्याआल्याच आवाज बंद करून उशीखाली सरकवला होता. वाजू नये म्हणूनच सरकवला, उगी दुसरं काही सांगत नाही. साडेसातला बाहेर काढला तेव्हा बाचे अकरा फोन येऊन गेलेले होते आणि बारावा येत होता.

मग धावलो. चेकआउट कुणाला सुचतंय! घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. लोक अंगणात बसलेले. कुणीतरी विचारलं, इतका वेळ? माझ्या तोंडून निघालं, टायर फुटलं. एवढंच बोललो, बाकीचं लोकांनीच जुळवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मातीच्या वेळी मी शर्टाच्या खिशात हात घातला, तर ते चावीचं कार्ड हाताला लागलं. आणि जानेवारीत पत्र आलं. प्रिय प्रभू, अभिनंदन, आपण गोल्ड सदस्य झालात. म्हणजे तो मुक्काम धरला होता. मी रात्री तिथं नव्हतोच, तरी धरला होता, कारण कार्ड माझ्याकडं होतं. दोन वाजताच कार्ड खिशात घालून चालता झालो असतो तरी मुक्काम मिळाला असता आणि मायही मिळाली असती. मंजुषाला विचारलं नसतं तर! फक्त तोंड बंद ठेवून दाराबाहेर पडायचं होतं. हे पत्र मी हिंगोलीच्या घरात संडासात जाऊन तीनदा वाचलं आणि नळ सोडून रडलो.

आता मायचं वरीस आलं होतं, पुढच्या आठवड्यात. तिच्या वर्साला नीट दिसावं म्हणून बा डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाला, एरवी दहा वर्षं टाळत होता. दवाखाना संभाजीनगरचा, एक रात्र थांबून सकाळी पट्टी काढायची, आणि माझ्या नावावर दोन फुकट रात्री पडून. एकतीसला वाया गेल्या असत्या. दुसऱ्या हॉटेलात नेलं असतं त्याला, पण माझी अक्कल बघा, वाया कशाला घालवायच्या, असाच विचार आधी आला. मनात आणखीही एक होतं. ठरवलं होतं की वर्साच्या आधी बाला सांगायचं. मला आता ती पाठीवरची थाप सोसवेना. पुन्हा सगळी भावकी जमणार, पुन्हा लेकरू रस्त्यात होतं म्हणणार, आणि मी पुन्हा मान खाली घालणार. बाला एकट्यालाच सांगायचं. तो मारेल, शिव्या देईल, बोलणं टाकेल. टाकू दे. पण मंजुषानं ते असं काउंटरवर सांगून टाकावं हे मला चालणार नव्हतं. चोरी माझी, तर सांगायचं ते मीच सांगितलं पाहिजे.

खोलीत आल्यावर बा पलंगावर बसला नाही. गालिच्यावर घोंगडं अंथरून भिंतीला पाठ लावून बसला. पिशवीतून त्याचा स्टीलचा पेला काढून स्टुलावर ठेवला. मायच्या तेराव्याला वाटलेल्या पेल्यांमधला तो, त्याच्यावर तिचं नाव कोरलेलं, यशोदाबाई, आणि खाली तारीख. अठरा बारा. ठळक आकड्यांत. बाला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात, मेंढरं मोजणाऱ्याला आकडे आलेच पाहिजेत. मी त्या पेल्यात पाणी ओतून दिलं आणि तारीख भिंतीकडं वळवली. तो सावकाश पाणी प्याला, पेला खाली ठेवताना तारीख पुन्हा आमच्याकडं आली. दुपारचं ऊन पडद्यातून आत येत होतं. एसीचा थंडगार वारा अंगावर येत होता. ऐकलं असेल ह्यानं? ऐकूनही गप्प बसला असेल? हा माणूस आठ-आठ दिवस न बोलता राहू शकतो, वाघ कळपाभोवती फिरून गेला तरी सकाळी सांगतो.

"प्रभू," तो म्हणाला.

"हां बा."

"ही खोली फुकट दिली म्हणलास."

"हो. मी इथं नेहमी राहतो ना, म्हणून. खूप रात्री राहिलं की एखादी रात्र ते आपल्याला देतात."

बानं हातानं गालिचा दाबून पाहिला. जमीन ओली आहे की कोरडी ते पाहतात तसा. "आमच्या मेंढराला लोक वावरात बसवायचे," तो म्हणाला, "त्याचं कारन व्हतं. लेंडी पडती, मूत पडतं, जमीन सुधरती. म्हनून बोलावून बसवायचे. फुकट कुनी बसवत न्हाई, बापू. तू इथं इतकं बसतूस, तर तुजं काय पडतं इथं?"

मी हसून म्हणालो, "माझं काय पडणार बा? झोपतो आणि जातो." तो म्हणाला, "मंग ते काहून देत्यात?" आणि उत्तराची वाट न बघता डोक्याखाली हात घेऊन कलंडला. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. माझं काय पडलं इथं? माझी पोरगी सृष्टी पहिल्यांदा पाळण्यात उलटली ती रात्र. अंजलीचं पोट दुखून तिला शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं ती. पोरीच्या शाळेचं गॅदरिंग. माय दोनदा हिंगोलीला राहायला आली होती, दोन्ही वेळा मी इथं. पाच वर्षांत ह्या खोल्यांमध्ये माझं काय काय सांडून गेलं, आणि बदल्यात मी सरबत पीत होतो. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. हो, रागच आला. मनात म्हटलं, तुझ्या मेंढरांच्या लेंडीतून वर यायलाच तर मी हे सगळं केलं. मग राग ओसरला आणि मला त्याच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं, पण त्याला झोप लागली होती. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी त्यानं वरण-भात खाल्ला, रात्री गालिच्यावर झोपला, मी पलंगावर. झोप माझी झाली नाही.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. बानं त्या डोळ्यानं आधी डॉक्टरकडं, मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "लई केस पांढरे झाले रे तुजे." डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, धूळ नको, ऊन नको, गाडीत डोळे मिटून राहायचं. अकराच्या सुमाराला निघालो. बा माझ्या शेजारी, चष्मा लावून, डोळे मिटून. मी मनाशी ठरवलं, जालना मागं पडलं की सांगायचं. गाडीत बरं असतं, एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

"कोन्तं गाव आलं?" बानं विचारलं.

"जालना."

"जालना," तो म्हणाला. त्यानं सीटला डोकं टेकलं. मग म्हणाला, "तू जालन्याला आलास तवा तिनं डोळे उघडले व्हते."

माझा पाय ब्रेकवर गेला. "कोणी?"

"तुज्या मायनं. त्या दिशी." बा डोळे मिटूनच बोलत होता, सावकाश. "तू निघालो म्हनलास न्हाई का, मी तिला तसंच सांगितलं, पोरगं निघालं. तर ती ईचारून राहिली, कुठवर आलं? मला काय ठाऊक? फोन लावला तर तू उचलंना. गाडी हाकताना उचलू न्हाई, ते बराबरच हाय. मंग मी अंदाज केला. ह्या रस्त्यानं आपुन काय कमी हिंडलोत का? तासाभरानं म्हनलं, जालन्याला आला. तिनं डोळे उघडले. दोन चमचे पानी घेतलं."

वर्षभरात बा त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं, विचारणार कुठल्या तोंडानं? आणि आता आम्ही दोघं प्रथमच त्या रस्त्यानं बरोबर चाललो होतो. त्याला सगळं आठवत होतं ते त्या रस्त्यामुळंच. मी गाडी हळू केली. तो गावं विचारायचा, मी सांगायचो. वाटूर फाटा आला तेव्हा म्हणाला, "इथवर आला म्हनलं तर म्हनली, थंडी हाय, त्यानं कानाला बांधलं आसंल का? मी म्हनलं, गाडीला काचा हायेत, येडे." मंठा आलं. "मंठ्यात आला म्हनलं तर म्हनली, भाकर टाकाय लावा, उपाशी यील. शेजारच्या रूपाबाईनं तिच्या डोळ्यादेखत दोन भाकरी टाकल्या. तव्यावर भाकर फुगली ते तिनं बघितलं." बा किंचित हसला. "मला काय ठाऊक, तुजं टायर इथंच फुटलं ते."

"टायर..." मी म्हणालो.

"ते कुनाच्या हातात हाय का? आपला अंदाज चुकला थोडा."

जिंतूरला आम्ही चहाला थांबलो. मी चहा घेतला आणि टाकून दिला. बा निवांत प्यायला. तो म्हणाला, जिंतूरला आला असं सांगितल्यावर मायनं केस विंचरून मागितले, तेल लाव म्हणाली, पोरगं म्हणेल माय अशी कशी दिसते. मला वाटलं, पुरे, आता पुरे, बा, थांब. पण त्याला थांबवायला मला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर ते बाहेर आलं असतं. येलदरीचं धरण दिसायला लागलं. पूल ओलांडला की आमचा जिल्हा. पाणी भरपूर होतं, वारा गार.

"पूल आला का?" बानं विचारलं.

"आला."

"हळू चालव जरा." तो सरळ बसला. "हितं मी घोटाळा केला, प्रभू. कुनाला सांगितलं न्हाई आजवर. पुलावर आला म्हनलं, तर ती म्हनली, माजं तोंड दाराकडं करा. केलं. आता पुढं काय सांगावं? दिवस बुडाला व्हता. पुढं आनावं तर सेनगाव, सेनगावातून घर कितीक? तू तर दिसंना. दारात आला म्हनून सांगितलं आन तू नसलास तर? मंग मी तुला पुलावरच उभा केला. म्हनलं, गाडीला मेंढरं आडवी आली. लई मोठा कळप हाय. पोरगं थांबलंय." बानं चष्मा सारखा केला. "तर ती म्हनली, दम धर म्हनावं त्याला. घाई करू नको म्हनावं. मेंढरं जाऊ दे सगळी, एखांदं कोकरू चाकाखाली यील. बस. मंग न्हाई बोलली."

मी गाडी पुलाच्या टोकाला बाजूला घेतली. बानं चष्म्याखालून बोट घालून बरा डोळा पुसला. "वरीस झालं, ते मेंढराचं खोटं मला डाचून राहिलं बघ. मरत्या मानसाला खोटं बोललो. बाकी समदं खरं व्हतं. जालना खरं, मंठा खरं, थोडं मागंपुढं झालं आसंल तुज्या टायरमुळं. येवढं मेंढराचंच काय ते खोटं. आता तिच्या वर्साला तिच्यापुढं हात जोडून माफी मागावी म्हनतो. चालंल का रे तिला?"

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. "चालेल बा," एवढंच म्हणायला हवं होतं. मला ते त्या क्षणीही कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. पण माझ्या छातीवर वर्षभराचं ओझं होतं आणि मला मोकळं व्हायचं होतं. मला, मला. नेहमीच मला. मी म्हणालो, "बा, मी निघालोच नव्हतो."

तो माझ्याकडं वळला.

"मी त्याच हॉटेलात होतो. काल आपण राहिलो तिथंच. टायर फुटलं नव्हतं. एक रात्र राहिलो की मला ते गोल्ड मिळणार होतं, म्हणून थांबलो. तुझे फोन येत होते, मी फोन उशीखाली ठेवला होता. ती गेल्यावर निघालो मी." मी सगळं सांगितलं, मंजुषाला विचारलं तेही, कार्डाचंही. भडाभडा सांगितलं. सांगताना रडलो. आणि खरं सांगायचं तर सांगून झाल्यावर मला अर्धा मिनिट बरं वाटलं. हलकं वाटलं.

बानं चष्मा काढला. ऊन त्याच्या ताज्या डोळ्यात जात होतं, पाणी येत होतं, तरी त्यानं डोळा मिटला नाही. तो मला मारेल, असं मला वाटत होतं, मारावं असं वाटत होतं. तो समोर पुलाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी जालना खोटं."

"हो."

"वाटूर?"

"हो, बा."

"मंठा बी. भाकर टाकली ती?"

मी मान खाली घातली.

"जिंतूर खोटं. तेल लावलं ते खोटं. तोंड दाराकडं केलं." तो एकेक बोट दुमडत होता. सगळी बोटं दुमडून झाली. मूठ तशीच मांडीवर राहिली. "मी समदंच खोटं बोललो की रे तिला. दोन वाजल्यापून सातपतूर."

"तू नाही बा, मी. खोटं मी बोललो."

"तिला मी सांगितलं," बा म्हणाला. "तिनं माजं ऐकलं." बाजूनं एक एसटी गेली, आमची गाडी हादरली. तो कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिला, सकाळी दवाखान्यात बघितलं होतं तसा नाही. "मला काहून सांगितलंस तू हे, प्रभू?"

तो दार उघडून खाली उतरला. मला वाटलं, चालत निघाला. पण त्यानं मागचं दार उघडलं, घोंगडं आत टाकलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. काळा चष्मा लावला, डोळे मिटले. मी गाडी सुरू केली. सेनगाव आलं. स्टँडवर जीपवाले ओरडत होते, मी मुद्दाम गाडी हळू केली, मागं आरशात पाहिलं. सेनगाव मागं पडलं. कुठवर आलो, हे त्यानं विचारलं नाही.